सायकलीला आगगाडीत जागा

श्रोतेहो, आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या मुलखात सायकल ही हौसेची चीज नव्हे. शाळेचे गुरुजी, टपाल वाटणारा, जंगलाचा नाकेदार, आठवडी बाजाराला जाणारा बांगडीवाला, आणि आता आठवीच्या पुढे शिकणाऱ्या मुली, या सगळ्यांचे दिवसाचे गणित तिच्या दोन चाकांवर चालते. मानव विकास कार्यक्रमातून गरजू मुलींना शाळेत जाण्यासाठी सायकली मिळू लागल्या, त्याचे कारणही हेच. गाव आणि शाळा यांच्यामध्ये पाच किलोमीटर रान असले, तर शिक्षण चालू राहते की बंद पडते हे पुष्कळदा सायकलीवर ठरते.

दुसऱ्या बाजूला आहे आगगाडी. आग म्हणण्यासारखी आग आता तिच्यात उरली नाही, पण जुने नाव तोंडात बसले आहे, तेच चालू द्या. २६ ऑगस्ट १९८२ रोजी जुन्या चंद्रपूर जिल्ह्यातून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. त्याचे क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर. एवढ्या मोठ्या जिल्ह्याला कितीतरी वर्षे रेल्वेचे स्थानक एकच, ते म्हणजे वडसा, अर्थात देसाईगंज. तिथून खुद्द गडचिरोली पन्नासेक किलोमीटर, आणि अहेरी, भामरागड, सिरोंचा ही गावे तर त्याच्याही खूप पलीकडे. म्हणजे आपल्याकडे रूळ जिथे संपतात तिथे प्रवास संपत नाही, तिथे तो खऱ्या अर्थाने सुरू होतो. मग साहजिकच मनात येते की, सायकल गाडीत घालून न्यावी, उतरल्यावर तिच्यावर टांग टाकावी आणि पुढे निघावे. हे जमते का? जमते, पण त्यासाठी काही गोष्टी आधी माहीत असाव्या लागतात. त्या आज आपण पाहू.

पहिली गोष्ट अशी की, सायकल ही रेल्वेच्या दृष्टीने हातातली पिशवी नव्हे. प्रत्येक तिकिटावर काही वजनाचे सामान फुकट नेता येते. दुसऱ्या वर्गाला ३५ किलो, शयनयानाला ४० किलो. आता आपली साधी काळी सायकल असते अठरा-वीस किलोंची. तेव्हा पुष्कळांना वाटते की, पस्तीस किलोंत ती सहज बसली, मग वेगळे पैसे कशाला? इथेच गफलत होते. सायकल, स्कूटर अशा वस्तूंना ही फुकटाची सवलत लागूच नाही. त्यांची नोंद वेगळी आणि भाडेही वेगळे. कारण सोपे आहे. सायकलीचे वजन थोडे, पण अंग मोठे. ती वजनापेक्षा जागाच जास्त खाते. डब्यात न्यायच्या पेटीचे मोठ्यात मोठे माप १०० सेंटिमीटर लांब, ६० रुंद आणि २५ उंच असे सांगितलेले आहे. नेहमीच्या सायकलीचे नुसते एक चाक घेतले तरी ते ७० सेंटिमीटरच्या आसपास भरते. म्हणजे सायकल खोलून पोत्यात भरली तरी ती या मापात बसायची नाही.

मग ती जाते कुठे? तर गार्डाच्या डब्यात. गार्डाला जानेवारी २०२२ पासून ट्रेन मॅनेजर म्हणतात, पण स्थानकावर अजून गार्डाचा डबा हाच शब्द चालतो. लांब पल्ल्याच्या गाडीला बहुधा दोन्ही टोकांना असा एकेक डबा असतो. त्यात थोडी बसायची जागा, थोडी गार्डाची आणि बाकीची सामानाची. सायकलीचा हक्काचा डबा तो. मात्र एक अडचण आहे. पुष्कळ गाड्यांत या सामानाच्या जागेचा काही भाग रेल्वेने ठेकेदारांना भाड्याने दिलेला असतो. डबा उघडा दिसतो, आत जागाही दिसते, आणि तरी पार्सलबाबू म्हणतात, "जागा नाही." त्या वेळी तो खोटे बोलत असेल असे समजू नका. ती जागा दुसऱ्याने आधीच घेऊन ठेवलेली असू शकते.

सायकल पाठवण्याचे रस्ते दोन. एक लगेज म्हणून आणि दुसरा पार्सल म्हणून. हा फरक नीट समजून घ्या, कारण निम्मे घोटाळे इथे होतात. लगेज म्हणजे प्रवाशाबरोबर जाणारे सामान. आधी आपले तिकीट काढायचे, ते दाखवून सायकलीची नोंद करायची, आणि आपण ज्या गाडीने जाणार त्याच गाडीत ती चढायची. पार्सलला आपण प्रवास करण्याची गरज नाही. वर्ध्याच्या भावाने चंद्रपूरच्या बहिणीला सायकल पाठवली, तर ते पार्सल. ते ज्या गाडीत जागा मिळेल त्या गाडीने जाईल, आज जाईल किंवा परवा जाईल. तेव्हा खिडकीपाशी नुसते "सायकल पाठवायची आहे" असे म्हणू नका. "माझ्या तिकिटावर, याच गाडीने, लगेज म्हणून न्यायची आहे," असे स्पष्ट सांगा. एका शब्दाचा फरक, पण त्यावरून तुम्ही आणि सायकल एकाच दिवशी पोचता की नाही हे ठरते.

आता आपल्या भागातली खरी अडचण सांगतो. गोंदियाहून बल्लारशाला येणारा मार्ग घ्या. वडसा, ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, मूल, चांदा फोर्ट ही त्याच्यावरची गावे. पूर्वी हा छोट्या रुळांचा मार्ग होता. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात तो मोठ्या रुळांचा झाला. रूळ मोठे झाले, गाड्या वेगाने धावू लागल्या, ही चांगलीच गोष्ट. पण जुन्या पॅसेंजर गाडीची जागा देशभर हळूहळू डेमू आणि मेमू गाड्यांनी घेतली. या गाड्यांना इंजिन वेगळे नसते आणि लांब पल्ल्याच्या गाडीसारखा सामानाचा मोठा स्वतंत्र डबाही नसतो. लहान स्थानकांवर त्या मिनिट-दोन मिनिटे थांबतात. म्हणजे ज्या गाडीने खेड्यातला माणूस जातो, तिच्यात त्याच्या सायकलीला जागा नाही. आणि ज्या गाडीत सायकलीला जागा आहे, ती त्याच्या गावाला थांबत नाही. नियमपुस्तकात सायकल आहे, पण लहान गाडीच्या डब्यात ती नाही. आपल्या मुलखातली रड ती एवढीच.

म्हणून सायकल घेऊन स्थानकावर जाण्यापूर्वी एक दिवस आधी तीन प्रश्न विचारून या. पहिला, या स्थानकावर सामानाची नोंद होते का? हॉल्ट म्हणतात त्या लहान थांब्यांवर तिकिटे मिळतात, पण सामानाची नोंद होत नाही. दुसरा, मी ज्या गाडीने जाणार तिला सामानाचा डबा आहे का? आणि तिसरा, मी जिथे उतरणार तिथे ती गाडी सामान उतरवण्याइतकी थांबते का? तिसरा प्रश्न लोक हमखास विसरतात. सायकल चढवून देणारे हमाल इथे असतात, पण पलीकडे दोन मिनिटांत ती उतरवणार कोण? उतरली नाही तर ती गाडीबरोबर पुढे जाते, आणि आपण फलाटावर पावती हातात घेऊन उभे राहतो.

समजा, नागपूरकडून एक गुरुजी मूलजवळच्या शाळेवर रुजू व्हायला निघाले आहेत. चंद्रपूरला स्थानके दोन आहेत हे त्यांना ठाऊक हवे. चंद्रपूर हे मुख्य स्थानक मध्य रेल्वेचे, वर्धा-बल्लारशा मार्गावरचे. चांदा फोर्ट हे दक्षिण पूर्व मध्य रेल्वेचे, गोंदिया मार्गावरचे. शहराच्या दोन निरनिराळ्या बाजूंना ती आहेत. सायकलीची नोंद थेट मूलपर्यंत करण्याच्या नादी गुरुजींनी लागू नये. गाडी बदलताना सायकल एका डब्यातून दुसऱ्या डब्यात जाणे हे दुसऱ्याच्या हातात असते. त्यापेक्षा चंद्रपूरपर्यंत नोंद करावी, तिथे सायकल सोडवून घ्यावी, आणि गावातून स्वतःच सायकल मारत चांदा फोर्ट गाठावे. पुढच्या गाडीत जागा नसली, तर मूलच्या वाटेवरची एसटी आहेच. सायकल आपल्या हाती असली म्हणजे माणसाला दुसरा मार्ग काढता येतो. ती कुठल्या तरी गोदामात अडकली म्हणजे काहीच करता येत नाही.

आता प्रत्यक्ष नोंद कशी करायची ते पाहू. गाडी सुटण्याच्या निदान अर्धा तास आधी सामान कचेरीत पोचले पाहिजे असा नियम आहे. पण आपण नियमाच्या काठावर जाऊ नये. तास-दीड तास हाताशी ठेवून निघावे. तिकीट आधी काढावे. ओळखपत्र बरोबर असावे. सायकल नवी असेल तर दुकानाची पावतीही ठेवावी, कारण "ही तुमचीच कशावरून?" असे कोणी विचारले तर वाद वाढत नाही. मग एक छापील अर्ज भरावा लागतो. त्यात कुठून, कुठे, वस्तू काय आणि तिची किंमत किती हे लिहायचे असते. पावतीवर काट्यापेक्षा जास्त वजन दिसले तर दचकू नका. मघाशी म्हटल्याप्रमाणे सायकल जागा अडवते, म्हणून तिची आकारणी प्रत्यक्ष वजनावर न होता ठरवून दिलेल्या वजनावर होते. दराविषयी शंका असेल तर दरपत्रक दाखवा असे नम्रपणे म्हणावे. पैसे पावतीवर असतील तेवढेच द्यायचे. हमालाची मजुरी वेगळी, आणि ती आधीच ठरवावी.

सायकल बांधण्याचेही एक शास्त्र आहे. दिवा, पंप, पिशवी, पाण्याची बाटली असे जे काही सुटे असेल ते काढून आपल्याजवळ घ्यावे. हँडल वळवून दांडीला समांतर करावे आणि सुतळीने बांधावे, म्हणजे सायकल कमी जागेत मावते. पायडल आत वळवता आले तर उत्तम. साखळीला आणि मागच्या चाकाला गोणपाट गुंडाळावे; आपली सायकल वाचते आणि दुसऱ्याच्या सामानाला वंगण लागत नाही. पुढच्या चाकाला कुलूप लावू नये. हमालाला ती ढकलता आली नाही तर तो फरफटत नेणार, हे उघड आहे. शेवटी पुठ्ठ्याच्या दोन चिठ्ठ्या कराव्यात. एक हँडलला, एक सीटखाली. दोन्हींवर नाव, कुठून, कुठे आणि पावतीचा क्रमांक ठळक अक्षरांत लिहावा, देवनागरीत आणि इंग्रजीतही. पावसाळ्यात वर प्लास्टिकचा तुकडा बांधावा. एक चिठ्ठी फाटली तर दुसरी राहते.

आता सर्वांत महत्त्वाचे. ती नोंदीची पावती. रेल्वे अधिनियम १९८९ च्या शंभराव्या कलमात म्हटले आहे, त्याचा सरळ अर्थ असा की, रेल्वेच्या नोकराने सामानाची नोंद करून पावती दिलेली नसेल, तर त्या सामानाच्या नुकसानीची जबाबदारी रेल्वेवर येत नाही. "अहो, गार्डाने स्वतः सांगितले, ठेवून द्या म्हणून," हे म्हणणे तिथे चालत नाही. ओळखीने, चहापाण्यावर, नुसत्या तोंडच्या शब्दावर सायकल चढवली, तर ती पोचली तर पोचली. नाही पोचली तर कायद्याच्या दृष्टीने ती गाडीत कधी चढलीच नव्हती.

पावती असूनही एक बारीक गोष्ट राहते. नोंद करताना सायकलीची किंमत सांगितली नाही, तर लगेजच्या बाबतीत भरपाईची मर्यादा किलोला १०० रुपये आणि पार्सलच्या बाबतीत किलोला ५० रुपये अशी आहे. हिशेब करा. वीस किलोंची सायकल लगेज म्हणून हरवली, तर हाती येणार जास्तीत जास्त दोन हजार. पार्सल असेल तर एक हजार. आज दोन हजारांत नवी सायकल कोण देतो? म्हणून सायकल नवी आणि महाग असेल तर अर्जात खरी किंमत लिहावी आणि त्यावरचा थोडा जादा आकार भरावा. जुनी असेल तर ज्याने त्याने विचार करावा. पण हा प्रश्न नोंद करतानाच विचारायचा असतो. सायकल हरवल्यावर किंमत सांगून उपयोग नाही.

समजा, उतरल्यावर सायकल मिळाली नाही. घाबरू नये आणि भांडूही नये. पहिल्यांदा पार्सल कचेरीत पावती दाखवून विचारावे. पुष्कळदा सायकल मागच्या गाडीने येत असते. तिथे लेखी तक्रार द्यावी. १३९ या क्रमांकावर फोन करून तक्रार नोंदवता येते. तिचा क्रमांक लिहून ठेवावा. तरीही पत्ता लागला नाही, तर सहा महिन्यांच्या आत रेल्वेच्या मुख्य दावा अधिकाऱ्याकडे लेखी मागणी करावी. ती नाकारली, तर रेल्वे दावा न्यायाधिकरण आहे आणि त्याचे एक खंडपीठ नागपूरला आहे. या सगळ्या वाटेवर पावतीची मूळ प्रत लागते. म्हणून ती कोणालाही देऊन टाकू नका. सायकल ताब्यात घेतानाच ती द्यायची असते. त्याआधी तिचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. आणि सायकल वेळेवर आली तर ती तशीच फलाटावर सोडून गावाला जाऊ नका. मुदत संपली की जागेचे भाडे चढू लागते.

दोन गोष्टी मात्र कधीही करू नयेत. देशात काही पॅसेंजर गाड्यांना लोक सायकली खिडकीच्या गजांना बाहेरून टांगतात. सिग्नलचा खांब, पुलाचा कठडा आणि शेजारून येणारी गाडी यांना आपली अडचण कळत नाही. त्यात सायकल तर जातेच, पण दारात उभा असलेला परका माणूसही जायबंदी होतो. आणि टपाकडे तर पाहूसुद्धा नये. विजेच्या मार्गावर वरच्या तारेत २५,००० व्होल्ट दाब असतो. त्या तारेला हात लावावा लागत नाही, नुसते जवळ जाणेही जिवावर बेतते. याशिवाय, नोंद न करता जादा सामान नेताना पकडले तर साध्या दराच्या सहापट आकार पडतो, हेही ध्यानात असू द्या.

इतर देशांत काय करतात, हे पाहण्यासारखे आहे. युरोपीय संघाने २०२१ साली केलेल्या नियमानुसार, नव्या किंवा मोठी दुरुस्ती केलेल्या गाड्यांत निदान चार सायकलींची जागा ठेवायची आहे. हॉलंड हा तर सायकलींचा देश. तिथेही सकाळ-संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी साधी सायकल गाडीत घेऊ देत नाहीत. मग तिथली माणसे काय करतात? पुष्कळजण स्थानकावर एक सायकल ठेवतात आणि उतरायच्या गावी दुसरी, नाहीतर तिथे भाड्याची घेतात. आपल्याकडचे अपडाऊन करणारे मास्तर आणि कारकून हेच करत आले आहेत. घराकडच्या स्थानकाच्या स्टँडवर एक सायकल, नोकरीच्या गावी एखाद्या ओळखीच्या दुकानामागे दुसरी जुनी सायकल. रोजच्या प्रवासाला हाच उपाय स्वस्त पडतो. सायकल गाडीत नेण्याची खटपट बदली, सुट्टी, शिक्षणासाठी गाव सोडणे अशा प्रसंगांसाठी राखावी. आणि फार दूर कशाला, आपल्या नागपूरच्या मेट्रोने प्रवाशांना सायकल आत नेण्याची मुभा दिलेली आहे. शहरातल्या गाडीत जे जमले, ते रानातल्या गाडीत जमू नये असे नाही.

मग आपण काय मागावे? फार नाही. मेमू-डेमूच्या एका टोकाच्या डब्यात चार-सहा सायकली उभ्या राहतील एवढी मोकळी जागा आणि तिला वाजवी तिकीट. वडसा, नागभीड, मूल अशा स्थानकांवर छप्पर असलेला, पहारा असलेला सायकल स्टँड. आणि सामान नोंदीचे दर आणि वेळा यांचा मराठी फलक, खिडकीपाशी, वाचता येईल अशा उंचीवर. ही मागणी कुठे करायची? नागपूरला रेल्वेच्या दोन विभागीय कचेऱ्या आहेत, एक मध्य रेल्वेची आणि दुसरी दक्षिण पूर्व मध्य रेल्वेची. चंद्रपूर-वरोऱ्याकडची गोष्ट पहिलीकडे, मूल-नागभीड-वडशाकडची दुसरीकडे. चुकीच्या कचेरीकडे गेलेला अर्ज महिनोन्महिने फिरत राहतो. प्रत्येक विभागाला प्रवाशांची सल्लागार समिती असते. अर्जाची एक प्रत तिच्या नावानेही पाठवावी. एकट्याच्या अर्जापेक्षा ग्रामसभेच्या ठरावाला वजन जास्त.

गुरुजनहो, शेवटची विनंती तुम्हाला. आठवी-नववीच्या मुलांना अर्ज लिहायला आपण शिकवतोच. या वर्षी तो काल्पनिक न देता हाच विषय द्या. दोन मुलांना जवळच्या स्थानकावर पाठवा. मघाशी सांगितलेले तीन प्रश्न त्यांनी तिथे विचारावेत, उत्तरे वहीत टिपावीत आणि वर्गात वाचून दाखवावीत. मग सर्वांनी मिळून अर्ज लिहावा आणि खरोखर टपालात टाकावा. उत्तर आले तर ते शाळेच्या फलकावर लावा, म्हणजे गावालाही कळेल की आपल्या स्थानकावरून सायकल जाते की नाही, कोणत्या गाडीने जाते आणि किती पैशांत जाते.